तीन पंप गेले, आता चौथा टाकू का?

या वेळी पत्रं बरीच आली पण एका पत्रानं सगळी जागा खाल्ली, इलाज नव्हता, प्रकरणच तसं होतं. बाकीच्या दोघांना शेवटी थोडक्यात उत्तर दिलंय, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला असतो. कॉलेजपासून टू-सीटर घ्यायची हौस होती, ती दोन वर्षांपूर्वी पुरी केली, १९९१ ची माझदा मियाटा घेतली, १.६ इंजिन, मॅन्युअल, लाल, हेडलाइट वर उघडणारी. गाडी एक नंबर आहे पण फ्युएल पंपानं जीव काढलाय. गाडीबरोबर आलेला मूळचा पंप गेला मे महिन्यात, हायवेवर चाळीसएक मिनिटं चालवली की पिकअप जायचा, चार हजार आरपीएमच्या वर ओढायचीच नाही, मग झटके देत बंद. वीस मिनिटं साइडला उभी केली की परत चालू, जशी काही झालंच नाही. जवळच्या एका गॅरेजवाल्यानं ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला पंप टाकून दिला, तो ऑगस्टपर्यंत चालला. दुसरा मी स्वतः टाकला, मित्र म्हणाला मोठाच टाक, कायमचं टेन्शन जाईल, म्हणून तासाला २५५ लिटरवाला घेतला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत, म्हणजे मधले हिवाळ्याचे महिने सोडले तर तसा फार चाललाच नाही. मग वैतागून तिसरा ओरिजिनल मापाचा, चांगल्या कंपनीचा, महागातला टाकला. त्याला तीन महिने झालेत आणि आता तोही सीटच्या मागून कुईंऽऽ करून ओरडायला लागलाय. हिवाळ्यात गाडी बंदच असते, नोव्हेंबर ते मार्च, पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून टाकी जवळपास रिकामी करून ठेवतो. बायको म्हणते विकून टाक. मला एवढंच सांगा, या गाडीत डिझाइनचाच प्रॉब्लेम आहे का, आणि चौथा पंप टाकू का नको?

उत्तर : काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो. पत्र वाचून मला पहिला प्रश्न पडला तो हा, की घरात एकापाठोपाठ तीन मयतं झाली आणि एकाचंही पोस्टमॉर्टेम केलं नाहीस? जुने पंप कुठे टाकलेस? म्हणून मी उत्तर लिहायच्या आधी त्याला मेल टाकली, म्हटलं थांब, चौथा पंप मागवू नको, एक मल्टिमीटर, एक प्रेशर गेज आणि एक क्लॅम्प मीटर एवढं आण आणि मी सांगतो ती मापं घे. बाकी काही नको. पोरगं गुणी निघालं, तीन शनिवार-रविवार खपून सगळी मापं घेतली, फोटो काढले आणि पाठवले. त्यामुळे हे उत्तर अंदाजपंचे नाही, त्याच्याच आकड्यांवरून लिहितोय.

आधी पंपाचं ऐक. पेट्रोल इंजेक्शन गाडीचा पंप टाकीत बुडलेला असतो आणि पेट्रोल त्याच्या मोटरच्या आतून, आर्मेचरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, घासून वाहतं. लोकांना हे ऐकून धडकी भरते, ब्रशची ठिणगी आणि पेट्रोल एकत्र, पण आत हवाच नाही म्हटल्यावर पेटणार काय. मुद्दा असा की तेच पेट्रोल त्याचं कूलंट आणि तेच त्याचं ऑइल. म्हणजे पंपाला मारायचे मार्ग मोजकेच, त्याला पेट्रोल कमी पाज, घाण पाज, नाहीतर करंट उपाशी ठेव. चांगल्या पंपाला यातलं काही झालं नाही तर तो सहज लाख-दीड लाख किलोमीटर जातो. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन पंप एकाच गाडीत जातात तेव्हा दोष पंपात शोधायचा नसतो, हे आमच्याकडे गॅरेजमध्ये चहा आणणाऱ्या पोरालाही कळायचं. पहिला डुप्लिकेट माल होता असं धरून चालू, ऑनलाइन स्वस्तात मिळतो त्यात नकली भरपूर असतो, पण मग दुसरा आणि तिसरा?

आता तुझी ती खूण, चाळीस मिनिटांनी बंद आणि वीस मिनिटांनी चालू. ही खूण सोन्यासारखी आहे. गरम झाल्यावर बिघडतं आणि थंड झाल्यावर सुधारतं असं काहीतरी आहे. त्यात पंपाची मोटर येते, रिले (पंपाला करंट सोडणारा विजेवर चालणारा स्विच) येतो, खराब झालेला वायरीचा जॉइंट येतो, जाळी तुंबून पंपाच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ होणं येतं, आणि टाकीचा श्वास कोंडणं पण येतं. गॅरेजवाल्यानं यातला पहिला धरला आणि बाकीचे सोडून दिले, कारण पंप बदलणं सोपं, मियाटात तर सीटमागच्या शेल्फचं कार्पेट उचललं, पत्र्याचं झाकण काढलं की पंप हाताशी.

टाकीचा श्वास आधी निकालात काढला कारण त्याला पैसे लागत नाहीत. पेट्रोल जसं कमी होतं तशी टाकीत हवा यायला पाहिजे, व्हेंटची नळी तुंबली तर आत व्हॅक्युम होतो आणि पंप बिचारा पेट्रोल ओढायच्या ऐवजी टाकीशी कुस्ती खेळतो. मी सांगितलं, पुढच्या वेळी गाडी गचके खायला लागली की बाजूला घे आणि लगेच टाकीचं झाकण उघड. हवा जोरात आत गेली आणि गाडी तिथल्या तिथे सुधारली तर व्हेंट. बाहेर फुस्स झालं तर काही नाही, उन्हाळ्यात तेवढं चालतं. त्याचं बाहेर फुस्स झालं, गाडी सुधारली नाही. व्हेंट सुटला.

मग रिले. या १९९१ च्या १.६ मध्ये एक गंमत आहे, पंपाच्या रिलेला ऑन ठेवायचं काम एअर फ्लो मीटरच्या आतला छोटा स्विच करतो, इंजिन हवा ओढतं, पडदा हलतो, स्विच लागतो, पंप चालू. नंतरच्या १.८ मध्ये ते काम ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेलं. तो स्विच किंवा त्याची वायर लूज असली तरी लक्षणं अशीच, आणि मग लोक पंपावर पंप बदलत बसतात. तपासायला सोपं आहे, बॉनेटखाली डायग्नोसिस लिहिलेला काळा डबा आहे, त्यातला एफ/पी आणि जीएनडी वायरच्या तुकड्यानं जोडायचा, चावी ऑन करायची, पंप सलग चालतो, मधला तो स्विच बायपास. तसं जोडून त्यानं गाडी फिरवली तरी पस्तीसाव्या मिनिटाला तेच रडगाणं. म्हणजे स्विच निर्दोष. (ती जोडणी टेस्टपुरतीच हां, कायमची ठेवायची नाही, कारण अपघात होऊन इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहील.)

आता खरी कामाची मापं. प्रेशर गेज फिल्टरच्या पुढे टी टाकून जोडलं, या गाडीला रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपवर) गेज लावायचा व्हॉल्व्ह नसतो म्हणून टी लागते, आणि लांब पाइप काढून गेज बाहेरून विंडस्क्रीनवर टेप लावून चिकटवलं. केबिनमध्ये गेज घ्यायचं नाही, पाइप फुटला तर मांडीवर पेट्रोल. पंपाच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मीटरच्या पिना लावून त्या वायरी सीटशी आणल्या, मीटर मित्राच्या हातात. असं सोंग घेऊन दोघं हायवेला गेले, पोलिसांनी कसं अडवलं नाही देव जाणे.

गाडी थंड असताना आयडलला ३४ पीएसआय, प्रेशर जागेवर ठेवणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी काढली की ४१. एकदम पुस्तकातलं, नळी काढून ३८ ते ४६ च्या मध्ये हवं. म्हणजे रेग्युलेटर ठीक. पस्तीस मिनिटांनी चौथ्या गिअरमध्ये फुल अॅक्सिलरेटर, आणि काटा २२ वर. त्याच क्षणी बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपाच्या कपलरवर १०.१.

हे आकडे मेलमध्ये बघितले आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ३.८ व्होल्ट वाटेत गडप! कुठे गेले ते शोधायला एक मीटर पुरतो. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत मीटर लावायचा, पंप चालू असताना, आला १.२. मग पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, म्हणजे अर्थची परतीची वाट, आला २.६. एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की मी कान टवकारतो, इथे अर्थमध्येच अडीचच्या वर. लोक काय करतात, कपलर काढून मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, म्हणतात सप्लाय येतोय, पंपच गेलाय. अरे, लोड नसताना केसाएवढ्या एका तारेतून पण १२ व्होल्ट येणारच. पंप चालू असताना मापायचं. गॅरेजवाल्याची चूक हीच झाली असणार, आणि मी पण तरुणपणी हीच चूक करून एका गिऱ्हाइकाला दोन पंप विकलेत, आता कबूल करायला लाज नाही.

हिशोब बघ. पंपाचा करंट क्लॅम्प मीटरवर ५ अॅम्पिअर. अर्थमध्ये २.६ व्होल्ट गुणिले ५, म्हणजे १३ वॅट. तेरा वॅटची उष्णता एका गंजलेल्या बोल्टवर आणि एका कपलरच्या पिनेवर, सतत, तासभर. जॉइंट तापला की रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की अजून तापतो. म्हणून चाळीस मिनिटं लागतात, आणि म्हणून वीस मिनिटं थंड झाला की गुण येतो. तिकडे पंपाला दहा व्होल्ट मिळतात, वेग पडतो, पण प्रेशर तेवढंच द्यायचं असतं म्हणून करंट काही त्या मानानं कमी होत नाही, आणि आतून वाहणारं पेट्रोल मात्र कमी, म्हणजे कूलिंग कमी. मोटरला करंट पोचवणारे ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर यात जळतात.

आणि आता तो २५५ लिटरवाला. तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग. साधा हिशोब आहे, तुझं इंजिन ११५-११६ हॉर्सपॉवरचं, फुल दाबून चालवलंस तरी तासाला पस्तीसेक लिटर पेट्रोल खाईल, त्याला २५५ चा पंप म्हणजे दोन माणसांच्या घराला अग्निशमनचा बंब. जास्तीचं सगळं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत टाकीत, छोट्या रिटर्न पाइपातून, आयडलला प्रेशर वर चढणार, टाकीतलं पेट्रोल फिरून फिरून गरम होणार. आणि हा पंप करंट जास्त ओढतो, म्हणजे जो जॉइंट आधीच आजारी होता त्याला अजून भाजलं. फोटोत कपलरचं प्लास्टिक एका पिनेपाशी बिस्किटासारखं भाजलेलं दिसलं ते त्याचंच काम. तिसरा चांगला पंप आला तो या भाजलेल्या कपलरवर येऊन बसला, बिचाऱ्याला सासरच वाईट मिळालं.

अर्थ का सडला? हे मला आधी कळेना, न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात हे खरं पण हा अर्थ बूटच्या आतला. मग लक्षात आलं, मियाटाची बॅटरी मागे बूटमध्ये उजव्या बाजूला असते. माझदानं मुळात सीलबंद बॅटरी दिलेली आणि तिचा गॅस नळीनं गाडीबाहेर सोडलेला. तुझ्या आधीच्या मालकानं तिथे साधी, स्वस्त, पाण्याची बॅटरी बसवली, नळी बिळी काही नाही. चार्जिंगला ॲसिडची वाफ निघते, ती बंद बूटमध्ये कोंडते आणि आजूबाजूचा पत्रा, बोल्ट, टर्मिनल सगळं खाते. फोटो मागवला तर बॅटरीखालचा रंग फुगलेला आणि अर्थच्या बोल्टवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली. जुनी मियाटा घेणाऱ्या कुणीही बूटचं कार्पेट उचलून आधी हे बघावं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर पाचव्या पंपाला पुन्हा पत्र आलं असतं. कारण प्रेशर २२ पर्यंत पडणं हे नुसत्या दहा व्होल्टचं काम वाटेना. म्हटलं आता पंप बाहेर काढ आणि जाळीचा फोटो पाठव, आणि दुसरा पंप अजून खोक्यात आहे म्हणतोस ना, तो काप.

पंप कापायची पण पद्धत आहे. आठ-दहा दिवस उघड्यावर उलटा ठेवून पूर्ण वाळवायचा, मग हॅक्सॉनं हातानं हळूहळू कापायचा, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. आणि तुमच्याकडे घराच्या गॅरेजमध्येच गॅसचा वॉटर हीटर असतो ना, त्याची पायलट ज्योत चोवीस तास पेटलेली असते आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते. टाकी उघडायचं काम बाहेर ड्राइव्हवेवर, पंपाच्या रिलेचा कपलर काढून इंजिन आपोआप बंद पडू देऊन लाइनमधलं प्रेशर उतरवल्यावर, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून. यात हयगय केलेली दोन माणसं माझ्या माहितीत आहेत, दोघांचेही हात बघवत नाहीत.

कापल्यावर निघालं असं, कॉम्युटेटर काळाकुट्ट, एक ब्रश जवळपास संपलेला, आणि पंपाच्या चकतीच्या घरात तपकिरी चिखल. पंपाच्या तोंडावरची जाळी म्हणजे गुळाच्या काकवीत बुडवून काढलेली. एका मयताला दोन मारेकरी! एक वायरिंग आणि दुसरी टाकी.

टाकी का गंजली ते तुझ्याच पत्रात आहे. मियाटाची ती टाकी स्टीलची. हिवाळ्यात तू ती रिकामी ठेवतोस, म्हणजे आत पेट्रोल थोडं आणि हवा भरपूर, दिवसा थोडं तापतं रात्री गार पडतं, टाकी श्वास घेते आणि दमट हवा आत ओढते, ते पाणी वरच्या उघड्या पत्र्यावर बसतं. वर तुमच्याकडचं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल पाणी पितं, पण त्यालाही मर्यादा आहे, दहा टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, गारठ्यात त्याहून कमी. त्याच्या वर गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात, जिथे पंपाची जाळी असते नेमकी तिथेच. टाकीत चार लिटर असेल तर हे घडायला वीस मिलिलिटर पाणी पुरतं, चहाचे चार चमचे. तीच टाकी चाळीस लिटर भरलेली असती तर दोनशे मिलिलिटर लागलं असतं, आणि पाणी जमायला हवाच उरली नसती. पेट्रोल शिळं होईल ही भीती बरोबर, पण उपाय उलटा केलास. टाकी पूर्ण भरायची, त्यात स्टॅबिलायझर टाकायचा, पाच मिनिटं इंजिन चालवून ते लाइनमध्ये जाऊ द्यायचं आणि मग झाकून ठेवायची. इथेनॉल नसलेलं पेट्रोल कुठे मिळत असेल तर हिवाळ्याचं शेवटचं भरणं त्याचं कर.

अजून एक बारीक गोष्ट, तुझे दोन पंप एप्रिल-मेमध्ये गेले हा योगायोग नाही. तिकडे हिवाळ्याचं पेट्रोल वेगळं बनवतात, थंडीत चटकन पेटावं म्हणून लवकर उडणारं. ते हिवाळ्याचं पेट्रोल तू मेमधल्या उन्हात वापरतोस. जाळी तुंबलेली, पंप जोरात ओढतोय, तोंडाशी दाब कमी, पेट्रोल लवकर उडणारं, मग तिथल्या तिथे वाफ होते आणि पंप वाफ चावत बसतो. तो कुईंऽऽ आवाज बहुतेक त्याचाच. पंप वाफेनं ना थंड होतो ना त्याला ऑइल मिळतं.

जाता जाता त्यानं टाकीतल्या त्या वीतभर रबरी नळीचा फोटो पाठवला होता, पंप आणि वरच्या लोखंडी पाइपाच्या मधली. गॅरेजवाल्यानं साधी इंजेक्शनची नळी वापरलेली, फुगून मऊ पडलेली. बाहेर चालणारी नळी पेट्रोलमध्ये बुडवून चालत नाही, तिचं बाहेरचं आवरण त्यासाठी नसतं, बुडवायच्या नळीवर ३०आर१० असं छापलेलं असतं, तीच मागायची. ही नळी फाटली की पंप जोरात फिरतो, करंट कमी दिसतो, प्रेशर येत नाही, सगळं पेट्रोल टाकीतल्या टाकीत गोल फिरतं. क्लॅम्प मीटर म्हणूनच मागवला होता. करंट कमी आणि प्रेशर पण कमी असेल तर नळी फाटलेली नाहीतर पंपाला पेट्रोलच पोचत नाही. करंट जास्त आणि प्रेशर पण जास्त असेल तर पुढे किंवा रिटर्नला कुठेतरी अडलंय. करंट जास्त आणि प्रेशर कमी म्हणजे पंप आतून जाम होत चाललाय.

मग त्यानं काय काय केलं ते सांगतो. टाकी उतरवली, एका रेडिएटरवाल्याकडून आतून धुऊन साफ करून घेतली. आतून कोटिंग लावायचं का विचारत होता, मी नको म्हटलं, भोकं पडली नसतील तर त्या कोटिंगच्या भानगडीत पडू नये, नीट बसलं नाही तर दोन वर्षांनी पापुद्रे निघतात आणि जाळीवर बसतात, गंज परवडला. गाडीखालचा फिल्टर नवा, आणि पाचशे मैलांनी परत एकदा नवा, कारण धुतली तरी लाइनमधली घाण निघत राहते. अर्थचा बोल्ट काढून पत्रा चकचकीत घासला, नवीन टर्मिनल क्रिम्प केलं, घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस. कपलर नवा. प्लसच्या बाजूला एक रिले टाकला, बॅटरी बूटमध्येच आहे त्यामुळे वायर लागते वीत-दोन वीत, अडीच स्क्वेअर एमएमची, बॅटरीजवळच १५ अॅम्पिअरचा फ्यूज, आणि रिलेला ऑन करायला जुनी पंपाचीच वायर, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप बंद ही मूळची सोय जशीच्या तशी. बॅटरी पुन्हा सीलबंद, नळीवाली.

परवा मापं आली. बॅटरीवर १३.८, पंपावर १३.४. तासभर हायवे, प्रेशर जागचं हललं नाही.

तर तुझे दोन प्रश्न. डिझाइनचा प्रॉब्लेम? नाही रे, ही गाडी १९८९ ला शिकागोच्या शोमध्ये आली तेव्हापासून लाखोंनी विकली गेली, पंप हा तिचा दुखरा भाग कधीच नव्हता, हुड गळणं म्हण, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर म्हण, ते मान्य. आणि चौथा पंप टाकू का? तर हो, टाक. हसू नको. तिसऱ्यानं तीन महिने चिखल खाल्लाय आणि दहा व्होल्टवर राबलाय, त्याचा आवाज थोडा कमी झालाय म्हणतोस पण गेलेला नाही, हा पण पुढच्या उन्हाळ्यात दगा देईल. ओरिजिनल मापाचाच घे, नवी जाळी, ३०आर१० ची नळी, आणि तिसरा काढलास की फेकू नको, वाळव, काप, आणि फोटो पाठव. मला बघायचाय.

प्रश्न : माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, मडगावला असतो. दर पावसाळ्यात फ्युएल पंप मधेच बंद पडतो, टाकीवर बुक्की मारली की चालू होतो. दोन पंप बदलले. पार्ट मिळत नाहीत हा वेगळाच ताप.

उत्तर : आपल्या गोव्यात बनलेली गाडी अजून कुणी चालवतंय हे वाचूनच बरं वाटलं. बुक्की मारून चालू होतो म्हणजे ब्रश अडकतात किंवा कपलर लूज आहे, आणि बुक्कीनं दोन्ही हलतात, त्यामुळे बुक्कीवरून निदान होत नाही. तुमच्या गाडीची बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत बॉडी म्हणजेच अर्थ, फायबर वीज वाहत नाही, त्यामुळे मागच्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ वायरीनंच चेसिसपर्यंत येतो, आणि कोकणातल्या पावसात ते टोक सडतं. वरच्या एडिसनवाल्याची अर्थची टेस्ट जशीच्या तशी करा, पंप चालू ठेवून. एक सोपी खूण सांगतो, रात्री टेललाइट लावून ब्रेक दाबल्यावर पंपाचा आवाज बदलला किंवा इंडिकेटर मंद झाला तर अर्थ सगळ्यांचा एकच आणि तोच गेलाय. पंपापासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. पार्टचं म्हणाल तर इंजिन रेनॉचं १.२ आहे, पंपाचं प्रेशर आणि बाहेरचा व्यास मोजून घेतला तर जुळणारा पंप मिळतो, मॉडेलचं नाव घेऊन दुकानात विचारलं तर मान हलवतील.

प्रश्न : पुण्यात जर्मन टू-सीटर कूप आहे, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. पी००८७ कोड येतो, रेल प्रेशर कमी. टाकीतला पंप दोनदा बदलला. सर्व्हिसवाले म्हणतात ई२० पेट्रोलमुळे होतंय. खरं आहे का?

उत्तर : ई२० वर सगळं ढकलणं ही हल्ली फॅशन झालीये. इथेनॉलमध्ये ताकद कमी म्हणून तेवढ्याच कामाला सहा-सात टक्के पेट्रोल जास्त लागतं, जुन्या रबराला त्रास होतो, पाणी धरतं, हे सगळं खरं, म्हणजे आधीच दमलेला पंप ई२० वर आधी उघडा पडेल. पण तुमच्या गाडीत पंप दोन आहेत हे त्यांनी सांगितलं का? टाकीतला चार-सहा बारचा, आणि इंजिनवर कॅमशाफ्टनं चालणारा, तो शंभर बारच्या वर दाब देतो. पी००८७ हा त्या दुसऱ्याच्या रेलचा कोड आहे. आधी स्कॅनरवर लो आणि हाय दोन्ही प्रेशर एकाच वेळी बघायला लावा, फुल लोडवर. लो जागेवर राहून हाय पडलं तर टाकीला हातही लावू देऊ नका. आणि तुमचं इंजिन फोक्सवॅगन ग्रुपचं जुनं टू-लिटर ईए११३ असेल तर वरच्या पंपाखाली बाटलीच्या बुचाएवढा एक कॅम फॉलोअर असतो, तो झिजून भोक पडतं, मग पंपाचा दांडा थेट कॅमवर घासतो. फॉलोअर स्वस्त आहे, कॅमशाफ्ट नाही, म्हणून या आठवड्यातच तीन बोल्ट काढून बघून घ्या. टाकीतल्या पंपाला साध्या मल्टिमीटरनं मापायला जाऊ नका, त्याला कंट्रोल मॉड्यूल पल्सनं सप्लाय देतं, मीटर सरासरी दाखवतो आणि आठ-नऊ व्होल्ट बघून लोक उगाच तिसरा पंप मागवतात.